तिसरं ‘नको’

सासूबाईंच्या लेखी माणूस पहिल्यांदा ‘नको’ म्हणतो ते संकोचापोटी, दुसऱ्यांदा म्हणतो ते अजून एकदा विचारावं म्हणून, आणि खरं ‘नको’ असतं ते तिसरं. आयुष्यभर त्यांनी खानावळ चालवली ती याच हिशेबाने. बँकेतले कारकून, शिकायला आलेली पोरं, बदलीवर आलेले मास्तर, सगळे त्यांच्याकडे जेवून पोटावर हात फिरवत उठायचे. कुणी ताटावर आडवा हात धरला तर सासूबाई हाताच्या बाजूने वाढायच्या. दोन्ही हात धरले तर ‘राहिलं बाई’ म्हणून मागे फिरायच्या, आणि त्याने हात उचलले रे उचलले की पळी रिकामी करून मोकळ्या व्हायच्या. लोक वैतागायचे, हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याकडेच यायचे. तेव्हा यात काही चूक असू शकते हे त्यांच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं.

आता त्या परमुलखात आल्या होत्या, सुनेच्या मदतीला. आणि सूनबाई काय करत होती? बार उघडत होती. माहेरी, सासरी जिने कुणी ही बातमी ऐकली तिने आधी तोंडावर हात ठेवला आणि मग पुढचं विचारलं. सासूबाईंनी मात्र फोनवर एवढंच विचारलं होतं, “लोक रिकाम्या पोटी पितात का गं तिकडे?”

“बरेचसे, आई.”

“मग मी येते,” त्या म्हणाल्या आणि बॅग भरायला लागल्या.

सूनबाईचं हे खूळ आजकालचं नव्हतं. नवरा एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी, म्हणून ती या देशात आली. पहिली काही वर्षं तिने त्याच हॉटेलच्या बारमध्ये पेले धुतले. मग एक दिवस काउंटरवरचा माणूस आजारी पडला, तिला पुढे उभं केलं, आणि ती परत मागे गेलीच नाही. स्वतः थेंब न घेता तिने सगळं शिकून घेतलं. कुठली बाटली कुठल्या पेल्यात, नळाखाली पेला किती तिरका धरायचा, फेस किती ठेवायचा, कुणाचा आवाज चढायला लागला की त्याच्यापुढे पाण्याचा जग सरकवायचा. पण काउंटर दुसऱ्याचं होतं. आपण हसायचं कधी हेही दुसऱ्यानेच ठरवायचं, याचा तिला कंटाळा आला होता. ‘मला माझं काउंटर हवं’ हे तिने नवऱ्याला इतक्यांदा ऐकवलं होतं की तो ते झोपेतही पुटपुटायला लागला होता.

नवरा माणूस वाईट नव्हता, फक्त भित्रा होता. “परका देश, परकी माणसं, आणि तू त्यांना त्यांच्याच गल्लीत दारू विकणार?” तो म्हणायचा. “बुडालो तर कुठे जायचं?” शेवटी दोघांत करार झाला. एक हंगाम बघायचा. पर्यटक परत गेल्यावर जागा हातात राहिली तर इथेच पाय रोवायचे, नाही राहिली तर गाशा गुंडाळून घरी. घरी म्हणजे त्याच्या चुलतभावाच्या केटरिंगमध्ये, जिथे सूनबाईने आयुष्यभर कांदे चिरले असते. तिने करार मान्य केला, कारण हरायचं तिच्या डोक्यातच नव्हतं.

जागा मिळाली ती समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत. दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना टोप्या आणि शंखांच्या माळांची दुकानं, आणि वरपासून खालपर्यंत बारच बार. मधोमध एकाचं शटर मात्र कित्येक वर्षं खाली होतं. तो बार एके काळी घरमालकांनी स्वतः चालवला होता. ते वरच्या मजल्यावर मुलीबरोबर राहत. मुलगी शाळेत शिकवायची, आणि वडिलांकडे असं बघायची जसं माणूस तापत ठेवलेल्या दुधाच्या पातेल्याकडे बघतं. जागा मागायला बरेच जण येऊन गेले होते. प्रत्येकाला जुनं लाकडी काउंटर काढून टाकायचं होतं. सूनबाई आली, तिने काउंटरवरून हात फिरवला, सांडलेलं वाहून जावं म्हणून कडेने कोरलेली बारीक पन्हळ तिच्या बोटांना लागली, आणि तिने विचारलं, “हे कुणी केलंय?”

“मी,” घरमालक म्हणाले.

“सुरेख केलंय. हे काढणारा माणूस मूर्ख असेल.”

तिथेच सौदा ठरला. फक्त एक अट होती, आणि ती सांगताना घरमालकांनी मुलीला वर पाठवलं.

“मी इथे येऊन बसणार,” ते म्हणाले. “रोज. या खुर्चीवर. दुसरीकडे कुठे बसायचं मला कळत नाही. पण माझ्या पेल्यात दारू ओतायची नाही. तिच्यापायी बायकोला रडवली, धंदा बुडवला, आणि मग दारू सोडली. मी मागितली तरी द्यायची नाही. पाया पडलो तरी द्यायची नाही. शब्द दे.”

सूनबाईने शब्द दिला. त्यांनी चावी दिली आणि म्हणाले, “एक हंगाम. मग बघू.” इथेही एकच हंगाम! सगळ्या जगाने जणू मिळून ठरवलं होतं.

मग तिने पदर खोचला, म्हणजे पदर नव्हता, पण खोचला. भिंती खरवडल्या, रंग दिला. बर्फाचं मशीन जुनं आणलं, त्याचा आवाज ऐकून शेजारच्या दुकानदाराला वाटलं ट्रक आला. बिअरचा नळ साफ केला, तो चालला पण थेंब थेंब गळायचा, खाली फडकं ठेवावं लागायचं. समोरच्या बारचा मालक रोज दारात हाताची घडी घालून हे सगळं बघायचा. त्याच्या डोक्यावर कायम एक चपटी टोपी असे, त्यामुळे सासूबाईंनी आल्या दिवशीच त्याचं नाव ‘टोपीवाला’ ठेवून टाकलं.

सासूबाईंना मागचं स्वयंपाकघर दिलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मदत म्हणून सगळे पेले आपल्या हाताने पुसून ठेवले, भजी तळता तळता. सूनबाईने नळ सोडला तर फेस वर येतो आणि फुस्स करून बसतो. नळ उघडला, पिंप तपासलं, काही कळेना. शेवटी पेल्याला बोट लावलं तर तेल.

“आई, पेल्याला तेलाचा हात लागला की फेस मरतो.”

“एवढा नाजूक?” सासूबाई म्हणाल्या. “मग हे लोक पितात कशाला असलं?” पण त्या दिवसापासून त्यांनी पेल्यांना हात लावला नाही. सांगितलेलं त्या ऐकायच्या. सांगितलं असतं तर.

घरमालकांच्या अटीबद्दल सूनबाई नवऱ्याशी बोलली होती. सासूबाईंशी नाही. एक तर ती गोष्ट त्या माणसाची खाजगी, चारचौघांत कशाला करायची? आणि सासूबाई स्वयंपाकघरात, त्यांचा काउंटरशी संबंध काय येणार? असं तिला वाटलं. विचार करून वाटलं असंही नाही. कामाच्या रगाड्यात सांगायचं राहून गेलं, हेच खरं.

उद्घाटनाचा दिवस चांगला उगवला. दुपार कलली तशी गल्ली भरली, आणि उन्हात भाजून लाल झालेले पाहुणे भज्यांच्या वासाने आत वळायला लागले. सूनबाईचे दोन्ही हात चालत होते. नवऱ्याने सुट्टी घेतली होती, तो टेबलं पुसत होता आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरची भीती उतरत होती. घरमालक इस्त्रीचा सदरा घालून आपल्या खुर्चीवर, काउंटरच्या टोकाला बसले होते. पुढ्यात लिंबाचं सरबत, तेही संपलेलं.

सासूबाई भज्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि त्यांना काय दिसलं? ज्याच्या जागेत हे सगळं उभं राहिलं तो घरचा मोठा माणूस कोपऱ्यात रिकामा पेला घेऊन बसलाय, आणि उपरे पाहुणे मात्र झोडतायत! त्यांचा जीव कळवळला. सूनबाईचं लक्ष नाही म्हणून त्यांनी स्वतःच मागच्या फळीवरची सगळ्यांत देखणी बाटली काढली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

घरमालकांनी पेल्यावर हात आडवा धरला.

सासूबाई हसल्या. पहिलं.

घरमालक त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले आणि मान हलवली.

“अहो घ्या हो,” सासूबाई म्हणाल्या. “आज शुभ दिवस आहे. माझ्या हातचं नको म्हणू नका.” दुसरं.

सूनबाईने हे बघितलं तेव्हा तिच्या दोन्ही हातांत भरलेले पेले होते. ती ओरडली, “आई!” पण मधे माणसांचा गलका होता. घरमालक त्या बाटलीकडे बघत होते. तिसऱ्यांदा ते काही बोललेच नाहीत. त्यांनी पेल्यावरचा हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टोपीवाल्याच्या बारमध्ये दिसले. त्याच्या दुसऱ्या दिवशी वरच्या टोकाच्या बारमध्ये, आणि मग ते कुठे असतात हे विचारावंच लागत नव्हतं, कारण मुलगी त्यांना दंडाला धरून पायऱ्या चढवताना सगळी गल्ली बघत होती. एका दुपारी ती मुलगी खाली आली. ती भांडेल असं सूनबाईला वाटलं होतं. ती भांडली नाही, त्याने जास्तच लागलं.

“तुम्ही शब्द दिला होता,” ती म्हणाली. “मला दाराआडून ऐकू आलं होतं.”

“चूक माझी आहे,” सूनबाई म्हणाली.

“चूक कुणाची ते मला नको. मी आईला वर बाबांची वाट बघत म्हातारी होताना पाहिलंय. हंगाम संपला की जागा खाली करा. कागदावर माझीही सही लागते, आणि मी करणार नाही.”

ती गेली. नवऱ्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. “झालं,” तो म्हणाला. “सांगत होतो.” आणि सासूबाई, ज्यांना भाषा कळत नव्हती पण चेहरे कळत होते, त्यांनी विचारलं, “काय झालं गं?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सूनबाईने सगळं सांगितलं. सासूबाई ऐकत गेल्या आणि स्टुलावर बसत गेल्या. आयुष्यात त्यांनी हजारो माणसांना आग्रह केला होता, आणि त्या सगळ्यांत हा एकच माणूस पहिल्या ‘नको’लाच खरं बोलत होता. त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी सूनबाईने बघितलं तर त्यांची बॅग भरून दारात ठेवलेली.

“मला तिकीट काढून दे,” त्या म्हणाल्या. “एका बाईचा बाप मी पुन्हा बिघडवला. मला इथे उभं राहायचं तोंड नाही.”

सूनबाईचा पारा चढला. रात्रभर ती जागीच होती, आणि रडून झालं होतं.

“बॅग आत ठेवा आई. तुम्ही गेलात तर मी काय करू? मला एकदा कुणी नाही म्हटलं की मी गप्प बसते. तिथेच माझं घोडं अडतं. मला आता असं माणूस हवंय ज्याला दोनदा ‘नाही’ ऐकूच येत नाही.”

“कशासाठी?”

“गल्लीतल्या एकेका बारवाल्याकडे जायचंय. मालकांना कुणीही ओतायचं नाही, हे सगळ्यांकडून कबूल करून घ्यायचंय.”

“ते ऐकतील?” नवऱ्याने विचारलं.

“पहिल्यांदा नाही,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बॅग उचलून आत ठेवली.

दुपारची वेळ, जेव्हा पर्यटक समुद्रात असतात आणि बारवाले खुर्च्या मांडत असतात, ती या दोघींनी धरली. सासूबाईंच्या हातात डबा. वरच्या टोकाला एक बाई बार चालवायची, तिने ऐकून घेतलं आणि पोट धरून हसली. “तू बारवाली, आणि मला सांगतेस पाजू नकोस?” ती म्हणाली. “तुझी जागा जाते म्हणून ना?”

“हो, जागा जाते म्हणून,” सूनबाई म्हणाली. “आणि आमच्या हातून त्यांचं वाटोळं झालं म्हणूनही. दोन्ही खरं आहे.”

बाई हसायची थांबली, पण ‘नाही’च म्हणाली. सासूबाईंनी डबा उघडून तिच्यापुढे ठेवला, खुर्ची ओढली आणि तिच्याच खुर्च्या मांडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी ती बाई लांबूनच ओरडली, “कबूल, कबूल! पण ते बटाट्याचं परत आण.”

असे एकेक करून सगळे वळले. कुणी डब्याला भुलला, कुणी कंटाळून हो म्हणाला, आणि एकाला तर मुळात घरमालकांची काळजीच होती, फक्त कुणी आधी बोललं नव्हतं. राहिला टोपीवाला. तो काही बधेना. डबा परत करायचा, तोही न उघडता. सूनबाईला त्याच्या दारात उभं राहायला नको वाटायचं, कारण ती आत शिरली की तो गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणायचा, “आल्या बघा, दारू सोडवणाऱ्या दारूवाल्या.” लाज वाटायची. ती लाज गिळून तरी ती जायची. हा एकच नळ उघडा राहिला असता तर बाकीचे बंद करून उपयोग काय?

एके दिवशी सासूबाई डब्याशिवायच निघाल्या. टोपीवाल्याने त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

“आज डबा नाही?” त्याने विचारलं, आणि सूनबाईने ते मराठीत सांगितलं.

“आज द्यायला नाही आले, विचारायला आले,” सासूबाई म्हणाल्या. “याला विचार, हा त्यांना का पाजतो? पैशासाठी म्हणाला तर मी उठून जाते, पुन्हा येत नाही.”

टोपीवाल्याने पुसायला घेतलेला पेला खाली ठेवला. मग त्याने टोपी काढली. तिच्याखाली टक्कल होतं, आणि तो एकदम वयस्क दिसायला लागला.

“पैशासाठी नाही,” तो म्हणाला. “मला नळ धरायला त्यांनी शिकवलं. तुमच्याच त्या काउंटरवर. गुरू समोर बसून मागतो तेव्हा नाही कसं म्हणायचं, ते मात्र त्यांनी शिकवलं नाही.”

सूनबाईने सांगितल्यावर सासूबाईंनी मान डोलावली. “मलाही कुणी शिकवलं नाही,” त्या म्हणाल्या. “आग्रह करायला शिकले, थांबायला नाही. या वयात शिकतेय. त्याला म्हणावं, बरोबर शिकू.”

टोपीवाल्याने हो म्हटलं नाही. टोपी पुन्हा घातली आणि म्हणाला, “बघतो.”

सासूबाईंचं शिकणं म्हणजे बघण्यासारखी गोष्ट होती. त्यांनी स्वतःला नेम घालून घेतला होता की गिऱ्हाइकाला एकदाच विचारायचं. भज्यांचं ताट घेऊन त्या टेबलापाशी जायच्या, पाहुणा सवयीने ‘नको’ म्हणायचा, आणि त्या ओठ घट्ट मिटून माघारी फिरायच्या. पाहुणा बिचारा ताटाकडे बघत राहायचा. स्वयंपाकघरात येऊन त्या म्हणायच्या, “त्याला हवं होतं गं. मला दिसत होतं. पण नाही म्हणजे नाही.” सूनबाईला हसू यायचं आणि त्यांची कीवही यायची. मोडून पडण्याऐवजी या वयात स्वतःला असं वळवणारी बाई आपली सासू आहे, याचा तिला अभिमान वाटायचा, आणि एकदा तिने तो बोलूनही दाखवला. सासूबाई म्हणाल्या, “भजी जळतायत, तिकडे बघ.”

हंगाम उतरणीला लागला तेव्हाची गोष्ट. दुपार होती, बारमध्ये कुणी नव्हतं, नवरा सुट्टीवर होता आणि नळाखालचं फडकं पिळत होता. दार ढकलून घरमालक आत आले. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. ते गल्लीच्या वरच्या टोकापासून उतरत आले होते, आणि प्रत्येक दारातून रिकामे परतले होते. अगदी टोपीवाल्याच्या दारातूनही. समोर तो आपल्या दारात उभा होता, टोपी हातात घेऊन.

घरमालक आपल्या खुर्चीवर बसले आणि काउंटरवरचा एक पेला पुढ्यात ओढला. “हे तू केलंस,” ते म्हणाले.

“हो,” सूनबाई म्हणाली.

“बरं. मग आता तूच ओत.”

“नाही मालक.”

त्यांनी हात काउंटरवर दाबून धरला. “पोरी, मी मागतोय. घसा सुकलाय, अंग दुखतंय. एकच. तू शब्द मला दिला होतास, मी तो परत करतो. सुटलीस. ओत.”

समोरचा माणूस खरंच त्रासात होता, आणि बाटली हाताच्या अंतरावर होती. “तुम्ही तो घेतला होतात तेव्हा तुम्ही शुद्धीत होतात,” ती म्हणाली. “त्या माणसाला विचारल्याशिवाय मला सुटता येत नाही. नाही.”

घरमालक उठून उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. “जागा माझी आहे! काउंटर माझं आहे! मुलगी सही करो न करो, मी ठरवतो. एक पेला ओत, मी आत्ता वर जाऊन तिची सही आणतो. पुढच्या हंगामाला जागा तुझी. नाही ओतलास, तर आजच्या आज बाहेर. शेवटचं विचारतो.”

तिसऱ्यांदा. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना शब्द कळले नाहीत, मोजणी कळली.

सूनबाईने काउंटरकडे बघितलं. त्या पन्हळीतून तिने रोज सांडलेलं पुसलं होतं. भिंतींचा रंग तिने दिला होता. हे सगळं तिला हवं होतं, अजूनही हवं होतं. तिने खिशातून चावी काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

“जागा घ्या,” ती म्हणाली. “ओतणार नाही.”

मग मागून नवऱ्याचा आवाज आला, नेहमीसारखाच हळू. “राहू दे. आपण दुसरी जागा बघू.”

तिने वळून बघितलं. दुसरी जागा! हा माणूस ‘घरी जाऊ’ म्हणाला नव्हता. तो फडकं हातात घेऊन उभा होता, घाबरलेला, आणि तरी तो ते म्हणाला होता.

घरमालक चावीकडे बघत राहिले. मग हळूहळू, गुडघे दुखणाऱ्या माणसासारखे, खाली बसले. खांदे हलायला लागले. ते रडत होते. सूनबाईने त्यांना रडू दिलं. तिने फक्त पाण्याचा जग त्यांच्यापुढे सरकवला.

सासूबाई आत गेल्या आणि ताट नि भाताचं पातेलं घेऊन आल्या. ताटात डाळ, बटाट्याची भाजी. ताट समोर ठेवलं, भाताची पळी उचलली आणि आपल्या भाषेत विचारलं, “वाढू?”

घरमालकांनी मान हलवली. नको.

सासूबाईंनी पळी पातेल्यात परत ठेवली. ओठ घट्ट मिटले, हात पाठीमागे बांधले आणि तिथेच उभ्या राहिल्या. सूनबाईला ठाऊक होतं, आयुष्यात यापेक्षा अवघड काम त्यांनी केलं नसेल.

घरमालकांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या दिवशी पेला भरणारी हीच बाई होती. त्यांनी समोरचा रिकामा पेला उचलला, काउंटरवर उपडा ठेवला, जसे बारवाले वाळायला ठेवतात तसा, आणि ताट दोन्ही हातांनी धरून सासूबाईंपुढे केलं.

त्यांनी वाढलं. ते जेवले, सावकाश, खाली मान घालून. संपल्यावर बोटं पुसून म्हणाले, “उद्याही मागेन मी.”

“मागा,” सूनबाई म्हणाली. “उद्याही नाहीच म्हणेन.”

“परवाही मागेन.”

“मी इथेच असेन ना परवा?”

दाराशी घरमालकांची मुलगी उभी होती, कधी आली होती कोण जाणे. आत येऊन तिने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सूनबाईकडे बघून होकाराची मान हलवली. घरमालक उठले. जाता जाता नळाशी थांबले, टपकणाऱ्या थेंबाखाली बोट धरलं आणि ओल्या बोटाने चावी काउंटरवरून सूनबाईकडे सरकवली.

“याची वॉशर गेलीय,” ते म्हणाले. “पुढच्या हंगामाआधी बदलून घे.”

सूनबाईला रडू फुटलं, आणि सासू आणि नवरा दोघांसमोर ती हुंदके देऊन रडली. मग तिने चावी खिशात टाकली, नवऱ्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि नळाखाली ठेवलं. गिऱ्हाइकं यायची वेळ झाली होती.